भास्करचा हुंकारा

माह्या देराचा पोरगा भास्कर. माय लवकर गेली त्याची, माह्याच हाताखाली वाढला. मलकापुरात गाडीत किरान्याचा माल भरे अन् घाट चढून चिखलीकडच्या खेड्याखेड्यात दुकानदारायले पोचवे. मोताळ्यात जेवला का त्याचा फोन ठरलेला. "मोठीमाय, झोप येऊन राह्यली. गोष्ट सांग."

मी वावरात असली तरी बांधावर बसून सांगे. राजा-रानीची, कोल्ह्याची, जे सुचन ते. फोन त्याच्या समोर टांगलेला असे. त्यानं नुसता हुंकारा द्याचा, लहानपनी माह्या मांडीवर दे तसा. "हूं… हूं…" हुंकारा थांबला का मी हाक मारे.

"भास्कऱ्या! काऊन चूप बे?"

"म्हैस आडवी आली, मोठीमाय. तुह्यासंग बोलू का तिच्यासंग?"

गमत्या लय. एक दिस घरी झोप म्हनलं त म्हने, "दुकानदार फोन करू करू उठोते. झोप म्हंजे सोयरी हाये, मोठीमाय. घरी बलावलं त येत नाई, अन् घाटात बलावल्याबिगर मांडीवर येऊन बसते."

एक दिवस गोष्ट चालू होती. हूं येऊन राह्यला होता, पन एकसारखा, घड्याळीवानी. मले शंका आली.

म्या म्हनलं, "मंग घोड्यानं अंडं देलं."

"हूं."

"अंड्यातून तहसीलदार निंगाला."

"हूं."

पोरगा झोपीत हुंकारा देत होता, अन् खाली गाडी चालू. असी बोंबलली मी का निंदनाऱ्या बाया धावत आल्या. तिकडून बिरेक करकरला. मंग नुसता श्वास आयकू ये.

"मोठीमाय," म्हने, "कठड्याले टेकली गाडी."

घरी आल्यावर त्याले सोगन घातली. डोळा जड झाला का गाडी बाजूले लावाची अन् झोपाचं. गाडीचा सेठ बोंबलला तरी. "हाव," म्हने. अन् पाळलीही त्यानं ते.

उंद्रीच्या अलीकडं, आमच्याच फाट्यावर, भर दुपारी गाडी लावली त्यानं. गाडीखालच्या सावलीत दुपट्टा टाकून झोपला. मागून दुसरी मालाची गाडी आली ते सरळ आली. वळलीच नाई. उभी गाडी ढकलल्या गेली, भास्करच्या अंगावरून.

मी पोचली तवा त्याच्यावर चादर टाकली होती. चादर उचलून पाह्यलं म्या. मंग गलका आयकू आला. त्या दुसऱ्या डायवरले लोक मारून राह्यले होते. "पेला असन साला!"

म्या मधात घुसली. तोंडाचा वास घेतला त्याच्या. दारू नोती. डोळे लाल, सुजलेले, भास्करचे असत तसे.

"मारू नका रे," म्या म्हनलं. "पानी पाजा त्याले."

पानी पेला. मातीत बसला, हात जोडले मले. काई बोलाले गेला. अन् तसाच, जोडल्या हातानं, येवढ्या गर्दीत, बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला.