घरी चूल असताना

दुकान टाकलं की गिऱ्हाईक येईलच असं काही नाही. किस्से मात्र पहिल्या दिवसापासून येतात, न बोलावता. पौडच्या पेठेत माझं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. सायकली चार. किस्से मी मोजलेले नाहीत.

वरची गावं धरणाच्या पाण्यात गेल्यापासून पेठ पार बसली होती. पुढं एस.टी. सुरू झाली आणि पेठेला पुन्हा जाग आली. शिंपी आला, केस कापायचं सलून आलं, तेही आरसा लावून! आणि माझ्यासमोर सोपाननं चहाचं हाटेल काढलं.

सोपान माझा बालमित्र. त्याच्या वडिलांना, तात्यांना, हे हाटेल अजिबात मान्य नव्हतं. "घरी चूल पेटती, मानूस भाईर च्या कशापायी पिईल?" हा त्यांचा सवाल. शेवटी बापलेकांचं ठरलं, दिवाळीपर्यंत हाटेल चाललं तर ठीक. नाहीतर कुलूप लावून सोपाननं मुकाट भाताच्या खाचरात उतरायचं. सोपानला खाचराचा मनापासून कंटाळा. त्याच्यासाठी हा जिवाचा प्रश्न होता. माझ्यासाठीही, कारण त्याच्या चहाशिवाय मला दुकानात बसवत नसे.

*

पाटी रंगवायला पुण्याहून पेंटर आणला. त्यानं आपल्या मनानं खाली 'शुद्ध शाकाहारी' असं लिहून टाकलं. पहिलंच गिऱ्हाईक पाटी वाचून दारात थांबलं.

"मंजी, दुसरा च्या बी असतोय व्हय?"

"न्हाई," सोपान म्हणाला.

गिऱ्हाईक विचारात पडलं आणि तसंच निघून गेलं.

*

खरी अडचण वेगळीच होती. हाटेलात चहा पिणं म्हणजे घरी बायको चहा देत नाही, असा गावात सरळ अर्थ होता.

आमच्यातला बबन एकदा सकाळी हौसेनं एक कप प्यायला. दुपारच्या एस.टी.नं त्याच्या सासरवाडीहून, माल्याहून, दोन मेहुणे उतरले! सोपानच्याच बाकावर बसून त्यांनी बबनला समोर उभं केलं.

"आमच्या भनीनं काय कमी केलं तुमाला?"

"काय न्हाई वो. तलफ आली."

"घरी तलफ येत न्हाई?"

बबननं पेठेतून जाणंच सोडलं. तो ओढ्याकडून फेरा मारून जायला लागला. सोपाननं मेहुण्यांना चहाचं विचारलं, तर ते घाईघाईनं उठले. त्यांनाही घरी बायका होत्या.

*

तेव्हा मी सोपानला सल्ला दिला, दाराला पडदा लाव. आत कोण बसलंय ते दिसायला नको. त्यानं लावला.

ते दिवस दारूबंदीचे. लगेच हवालदार हजर.

"पडद्याआड काय चालतं?"

"च्या."

"मग पडदा कशाला?"

हवालदारानं सगळे कप हुंगले, किटली हुंगली, खात्री करायला दोन कप चहा प्यायला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ही गर्दी! लांबलांबची माणसं पडद्याआड येऊन एकेक कप पीत आणि सोपानला डोळा मारून जात. "लई कडक!" म्हणत. सोपान गळ्याची शपथ घेऊन सांगायचा, की बाबांनो, चहाच आहे. जितक्या शपथा, तितकी गर्दी. पुढं एकदाचं त्यांना ते पटलं आणि हाटेल पुन्हा रिकामं झालं. सल्ला माझा होता, त्यामुळं मी सायकलींची पंक्चरं काढत बसलो.

*

पाऊस सरला आणि माळावर तंबूचा सिनेमा आला. दिवेलागणीला झोपणारी पेठ गॅसबत्त्या पेटवून जागायला लागली. तंबूत मधोमध दोरी. अलीकडं पुरुष, पलीकडं बायका. सोपान किटली घेऊन पुरुषांत फिरायचा. अंधारात कोण काय पितंय, कोणाला दिसतंय? धंदा बरा चालला.

एकदा ऐन मारामारीत रीळ तुटलं आणि ऑपरेटरनं बत्ती मोठी केली. बघतो तर सगळ्या पुरुषांच्या हातात कपबश्या! बबनच्यासुद्धा. सगळ्यांच्या माना भीतीनं दोरीपलीकडं वळल्या.

तिकडं बायकांच्याही हातात कपबश्या होत्या.

बत्ती बारीक झाली, मारामारी पुढं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी माल्याहूनही कोणी आलं नाही. बायकांत किटली घेऊन कोण गेलं होतं, हे सोपाननं मला अजून सांगितलेलं नाही.

*

दिवाळी तोंडावर आली, तंबू उठला, आणि त्यातच उकळतं पाणी सांडून सोपानचा उजवा हात भाजला. आता ऐन वेळी हाटेल बंद पडणार म्हणून मला फार वाईट वाटलं. एक दिवस मी चहा करून पाहिला. बबननं एक घोट घेतला आणि "मी घरी जातो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो, तर भट्टीपाशी सोपानची आई. पदर खोचून आधण ठेवत होती. बाक भरलेले, सगळे आवाज न करता पीत होते.

ऊन चांगलं वर आल्यावर तात्या दारात येऊन उभे राहिले. घरी चूल थंड होती, सकाळपासून पोटात चहा नव्हता. बबननं कप बाकाखाली सरकवला. आता कुलूप लागतंय, असं मला वाटलं.

तात्या भट्टीकडं न बघता सोपानला म्हणाले, "च्या मिळंल का?"

आईनं मान वर केली नाही. "सोपाना, इचार त्यास्नी. घरचं मानूस म्हनून मागत्यात, का गिऱ्हाईक म्हनून? घरच्याला गुळाचा हाय, सांजच्याला, घरी गेल्यावर. गिऱ्हाइकाला साखरेचा, आत्ता."

सोपान डाव्या हातानं किटली पुसायला लागला. विचारायची त्याची हिंमतच नव्हती.

तात्यांनी एकदा छपराकडं बघितलं. मग बाकावर जागा करून बसले.

"गिऱ्हाईक," ते म्हणाले. "साखरेचा दे."