पडद्यावरची हाक

तेव्हा आमची कंपनी उत्तर काश्मीरमधल्या एका डोंगरी चौकीवर होती. मी हवालदार. बर्फ वितळलं की पहिलं काम ठरलेलं असायचं. चौकीखालची वाट तपासायची, दोन्ही कडांना पांढरी पट्टी लावायची आणि पुढे सगळ्यांनी पट्टीच्या आतूनच चालायचं. या तपासलेल्या वाटेला आम्ही लेन म्हणतो. बर्फाबरोबर माईन्स, म्हणजे जमिनीत पेरलेले सुरुंग, उतारावर घसरतात. नकाशात एका जागी असतात, जमिनीत दुसऱ्या. त्या सकाळी पट्टीचे काही खुंटे वाहून गेले होते. ते पाहायला मी पुढे झालो आणि ब्लास्ट झाला. माझा डावा पाय गुडघ्याखाली तुटला. मूर्तिजापूरजवळचा नायक सुधाकर मला काढायला निघाला. माझ्यापर्यंत पोचण्याआधी दुसरा माईन फुटला. तो शहीद झाला.

याच प्रसंगावर एका तरुण दिग्दर्शकाने सिनेमा केला. तो माझ्याकडे अकोल्याला येऊन राहिला होता. मी त्याला सगळं मुद्दे काढून लिहून दिलं. कृत्रिम पाय कसा चढवतात. सकाळी एक मोजा पुरतो, संध्याकाळी स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, आक्रसतो, मग दुसरा घालावा लागतो. आंघोळ स्टुलावर बसून. रात्री उठलो तर भिंतीला हात लावून, एका पायावर. चार पानं झाली. मला काढलं कसं, याबद्दल मात्र एकच ओळ लिहिली : 'ड्रिलप्रमाणे बाहेर आणले.' माईन फुटला की जखमीकडे पळायचं नसतं. सगळे आहेत तिथेच थांबतात. एक जण पोटावर पडून प्रॉडरने, म्हणजे टोकदार सळईने, जमीन टोचत पुढे सरकतो. आमच्या लेखी ही लिहायची गोष्टच नव्हती.

सिनेमाचा खास खेळ अमरावतीला होता. मी, माझी बायको रेखा आणि सुधाकरची पत्नी शोभावहिनी, आम्ही तिघं गेलो. आधी शाल-श्रीफळ झालं, मग अंधार.

पूर्वार्ध बघून मी सुखावलो. एक पाय नसलेला माणूस पडद्यावर मी आजवर दोनच प्रकारचा पाहिला होता. भीक मागणारा, नाहीतर शेवटी कुबडी फेकून धावणारा. हा नट लग्नाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात गेला, लोकांकडे पाठ केली, पाय उतरवला, दुसरा मोजा चढवला आणि परत येऊन पंगतीला बसला. मी नेमकं असंच करतो. रेखाने कोपर मारलं. "हे तर तुमीच!"

मध्यंतरानंतर ब्लास्ट आला. पडद्यावरच्या 'मी'ने हात पुढे केला आणि किंचाळला, "मला सोडून जाऊ नकोस! ये लवकर!" त्याच्या मित्राने बंदूक फेकली आणि सरळ त्याच्याकडे पळत सुटला. दुसरा ब्लास्ट. टाळ्या पडल्या. शोभावहिनींचे हात मांडीवर तसेच होते.

परतताना गाडी मी चालवत होतो. बडनेरा मागे पडलं. मग मागच्या सीटवरून आवाज आला.

"भाऊजी, एक इचारू?"

"विचारा ना वहिनी."

"तुमी त्याईले हाक मारली होती काय?"

मी गाडी कडेला घेतली.

रेखा म्हणाली, "वहिनी, शिनेमा हाय तो. त्यात हिरोईन बी होती. यायच्या चौकीवर कोंबडी बी नव्हती."

"हिरोईनचं मले काय करायचं? मोजा खरा हाय, स्टूल खरं हाय. मंग तेवढंच खोटं कसं?"

मोजा खरा होता म्हणून हाकही खरी वाटली. आणि तो मोजा मीच लिहून दिला होता.

'नाही' म्हणणं सोपं होतं. पण ब्लास्टनंतरचा काही वेळ मला आठवतच नाही. माझी आठवण सुरू होते ती सुधाकर जमिनीवर सरपटत येताना. त्याआधीची जागा इतकी वर्षं रिकामी होती. आता तिथे त्या नटाचा आवाज बसला होता. मी आठवायला गेलो की तोच किंचाळत होता.

"मला आठवत नाही, वहिनी."

त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. "मंग त्याईले मराले कोनं बोलावलं?"

त्या दिवशी पट्टीपाशी रेडिओ सेट घेऊन उभा असलेला देविदास आता चांदूर रेल्वेला असतो. दरवर्षी त्या तारखेला आम्ही एकमेकांना फोन करतो. पीकपाणी, पोरंबाळं, गुडघे, सगळं बोलतो. त्या सकाळचा विषय काढत नाही. तसं कधी ठरलं नव्हतं, पण तसंच चालत आलं. मी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"जय हिंद साहेब! कसा हाय शिनेमा? आमचं काम कोन्या हिरोनं केलं?"

"तुझं काम कापलं."

"घ्या! सेट वाहून आमची मान मोडली, आन् आमीच कापले."

"देविदास, शोभावहिनी ऐकतायत. ब्लास्ट झाल्यावर मी काय बोललो?"

"आता कायले ते, साहेब?"

"रिपोर्ट दे. आहे तसा."

"तुमी आधी आई-आई करून वरडले, साहेब. मंग म्हनले, 'कोई नहीं हिलेगा.' दोन खेपा म्हनले. मी सेटवर तसंच देल्लं. माईन ब्लास्ट, एक कॅज्युअल्टी, सब अपनी जगह."

"कोणाचं नाव घेतलं?"

"नाही. कोनाचंच नाही."

"आणि सुधाकर?"

"सुधाभाऊनं प्रॉडर मागतला. पोटावर पडला आन् टोचत टोचत निंगाला. तुमचं रगत जाऊन रायलं होतं. मी म्हटलं, भाऊ, जरा लवकर. तर म्हने, 'लवकर पाह्यजे असन तर दुसरा मानूस पाहा.'"

मागच्या सीटवर वहिनी हसल्या, की रडल्या, मला कळलं नाही. रेखाने त्यांचा हात धरला.

"हे त्याईचंच बोलनं हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या लग्नात वरात दारात याले सांज झालती. माहा मामा वरडून रायला, आन् हे घोड्यावरून काय म्हनाव? लवकर पाह्यजे असन तर दुसरा नवरदेव पाहा!" त्यांनी डोळे पुसले. "म्हंजे पयले नाही ते."

"नाही वहिनी. तो पळाला नाही."

त्यांना घरी सोडून आम्ही अकोल्याला आलो.

मी दिग्दर्शकाला फोन केला. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, पण सरपटणारा माणूस पडद्यावर किती वेळ दाखवणार?" सिनेमा चालू आहे. लोक रस्त्यात थांबवतात, पायाकडे बघतात आणि विचारतात, तुम्ही खरंच तसे ओरडला होता का? मी नाही म्हणतो. ते समजूत घातल्यासारखे हसतात. देविदासचा रिपोर्ट मला पाठ आहे. पण डोळे मिटले की अजूनही आवाज त्या नटाचाच येतो.

म्हणून झालं ते इथे लिहून ठेवतो. नायक सुधाकरने पट्टीपासून माझ्या दिशेने लेन एकट्याने तपासत आणली. माझ्यापासून थोड्याच अंतरावर दगडाखाली तो दुसरा माईन होता. उरलेला तुकडा दुसऱ्या जवानाने तपासला. मग चौघं जण सुधाकरच्या लेनमधून आत आले आणि त्याच लेनमधून त्यांनी आधी मला आणि मग त्याला बाहेर नेलं. त्या लेनमध्ये कोणाच्याही पायाला काही झालं नाही.