एकसारखी गवार

“बोला. डोळे खिडकीबाहेर असले तरी कान तुमच्याकडेच आहेत.” असं म्हणून वकीलबाई खुर्ची खिडकीकडे वळवायच्या आणि गवारीची परात अशिलापुढे सरकवायच्या. रिकाम्या हातांनी माणूस एकतर रडतो, नाहीतर खोटं बोलतो, असं त्यांचं ठाम मत.

शनिवार पेठेत खाली माझं पोळी-भाजी केंद्र, वर त्यांचं ऑफिस. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, एवढंच काम. मंडईतून आलेली भाजी मी सकाळी वर पाठवायची, दुपारी ती निवडून खाली यायची. मोबदल्यात बाईंचा डबा. तुम्ही आमची भाजी कधी खाल्ली असेल, तर ती संसार मोडायला आलेल्या कोणीतरी निवडलेली होती. चवीत फरक पडला नाही.

परातीवरून मला माणूस कळायचा. संतापलेल्या बायका शेंगा पिरगाळायच्या. नवरे शिरा काढायचे नाहीत.

एके दुपारी परात खाली आली आणि माझा हात थांबला. सगळे तुकडे एकसारखे, पट्टी लावून मोडल्यासारखे. जेवायला बसला की आधी पोळीचे सारखे घास करून ठेवणारा एकच माणूस मला माहीत होता. माझा नवरा. घरी त्याने कोथिंबिरीची काडी कधी उचलली नव्हती. इथे परात काठोकाठ भरलेली. म्हणजे चांगला तासभर बोलला होता. माझ्याशी त्याचं बोलणं ‘मीठ दे’च्या पुढे जात नसे.

हा सोडून गेला तर काय, हा प्रश्न मला नंतर पडला. आधी मी जळले ते त्या तासावर.

दुसऱ्या दिवशी मीच वर गेले. म्हटलं, सल्ला हवाय, फी देते.

“तुमचं काम मला घेता येणार नाही.”

एकाच भांडणातल्या दोघांना एक वकील चालत नाही, एवढा कायदा मलाही कळतो. विचारलं, “काय म्हणाले ते?”

बाईंनी जुडी सोडली. “आज मेथी कोवळी आहे हो.”

परात काही त्यांनी माझ्यापुढे सरकवली नाही.

नोटीस आली नाही. नवरा गेला नाही. पण एकसारखी गवार मधूनमधून खाली येत राहिली. बाई जिना उतरताना मी त्यांना न्याहाळायची. जाड भिंगं, चुरगळलेली सुती साडी, झिजलेल्या चपला. देखणी असती तर सरळ भांडले असते.

गेल्या वर्षी बाई वारल्या. त्या संध्याकाळी नवऱ्याने आपणहून परात मागितली. मी खुर्ची खिडकीकडे वळवली. म्हटलं, “बोला.”

गवार संपत आली तेव्हा तो म्हणाला, “त्या मधे काही विचारायच्या नाहीत.”

माझ्या जिभेवर प्रश्न आलाच होता. गिळला. पाठीमागे शेंगा मोडत होत्या, एकसारख्या.