सुमनबाईंचा धुरा

वकिलाच्या फायली जुन्या झाल्या की बांधून माळ्यावर जातात. किस्से मात्र रोज चहाबरोबर खाली उतरतात! आमच्या नागपूरच्या बाररूममध्ये तर भाऊरावजींचं नाव निघालं की दुसरा चहा सांगावाच लागतो.

भाऊरावजी म्हणजे माझ्या पक्षकार सुमनबाईंचे थोरले भाऊ. हिंगण्याकडे त्यांची संत्र्याची बाग. वडिलांनी जिवंतपणीच मधोमध धुरा, म्हणजे बांध, घालून दिला होता. अलीकडचं भाऊचं, पलीकडचं सुमनचं. वडील गेले आणि भाऊरावजींनी अख्ख्या बागेवर दावा लावून शपथेवर सांगितलं, "असा धुरा कधी नव्हताच!"

सुमनबाईंनी सत्तरी ओलांडलेली. त्या मला एकच सांगायच्या, "मॅडम, माह्या बागेतलं एक संत्रं माह्या हातानं तोडाचं आहे." आणि मी घाबरायची, की बाईंच्या हयातीत ते होतं की नाही!

* * *

पहिला दावा हरल्यावर भाऊरावजींनी त्याच जमिनीसाठी दुसरा लावला, बायकोच्या नावाने. मी काकूंना साक्षीत विचारलं, "दावा कशाबद्दल आहे?"

"मले काय माहीत! हे म्हणाले, चांगलं लुगडं नेस, नागपूरले जाऊ. मले वाटलं, सक्करदऱ्याले बहिणीकडे जाऊन राहिलो!"

जजसाहेबांनी रुमालाने तोंड झाकलं. तो दावाही गेला.

* * *

तिसरा दावा कोणी लावावा? साक्षात मारुतीने! बागेत कोपऱ्यात एक शेंदूर लावलेला मारुती आहे. अख्खी बाग त्याचीच, असं म्हणणं.

जजसाहेबांनी चष्मा काढला. "अहो, मारुतीने जन्मभर दुसऱ्याची सेवा केली. स्वतःसाठी बाग कधीपासून मागायला लागला?"

भाऊरावजी हात जोडून म्हणाले, "कलियुग हाय, साहेब!"

* * *

एका तारखेला भाऊरावजी गैरहजर. धंतोलीच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आलं, कंबर धरली आहे, पूर्ण आराम सांगितला आहे. तारीख पुढे गेली आणि माझा संताप संताप झाला.

त्याच संध्याकाळी सुमनबाईंच्या नातीचं लग्न होतं. मीही गेले होते. पाहते तर वरातीत सगळ्यांच्या पुढे, फेटा बांधून, भाऊरावजी नाचताहेत! दावे कितीही लागोत, बहिणीची पहिली पत्रिका भावालाच जायची.

"भाऊरावजी, कंबर?" मी बँडच्या वरताण ओरडले.

नाच न थांबवता उत्तर आलं, "नातीचं लग्न हाय, मॅडम! कंबर कोर्टातली हाय!"

* * *

शेवटी कोर्टाने दोघांना समेटासाठी बसवलं. सुमनबाई तयार, भाऊरावजीही तयार. कागद पुढे केला तर पेन खाली ठेवून बसले.

"सही केली तर मंग तारखेले येऊ कसा? गावात मले कोण विचारते? इथं शिपाई नाव घेऊन तीनदा पुकारते!"

मी डोक्याला हात लावला.

* * *

मारुतीही हरला, आणि वरच्या कोर्टातही निकाल सुमनबाईंचाच लागला. वडिलांच्या धुऱ्यापलीकडचं सगळं त्यांचं. मोजणीवाले बागेत आले. आम्ही आलो, भाऊरावजी त्यांच्या वकिलासकट हरकत घ्यायला आले. पण धुरा सापडेना! इतक्या वर्षांत नांगर फिरलेला, वर कमरेइतकं गवत. सुमनबाईंना तर भावाने वडील गेल्यापासून बागेत पाऊल टाकू दिलं नव्हतं.

त्या बराच वेळ इकडेतिकडे पाहत राहिल्या. मग एका झाडाशी थांबल्या. "इथंच असन, साहेब."

मोजणीवाला खूण करायला वाकला. एवढ्यात मागून आवाज आला.

"अवं सुमे, तिथं नाही वं! दोन ओळी अजून अलीकडं!"

भाऊरावजी गवतात घुसले, पायाने चाचपडले, खाली बसून माती उकरली. बापाने धुऱ्याची खूण म्हणून पुरलेला गोटा निघाला!

त्यांचे वकील धावत आले. "भाऊरावजी, काय करता! दोन ओळी हातच्या गेल्या ना! आणि तुम्ही तर धुरा नव्हताच म्हणून शपथेवर सांगितलं आहे!"

"ते कोर्टात!" भाऊरावजी गोट्यावरची माती पुसत म्हणाले. "इथं बाच्या धुऱ्यावर उभं राहून खोटं बोलू काय?"

सुमनबाई कमरेवर हात ठेवून भावासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या,

"मंग इतकी वर्षं मले कोर्टात काहून बोलावलं गा दादा? इथंच बोलवाचं होतं!"