साडभाऊंचा तिसरा कोर

तापमानावर माझ्या साडूंइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही, आणि वऱ्हाडात तापमानाची टंचाई कधीच नव्हती. राहणार अकोल्याच्या जुन्या शहरात, नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरची. बेअरिंग तापलं का, हे ते हाताची उलटी बाजू लावून सांगत. तीच बाजू घरी चहाच्या कपाला, पाहुण्यांच्या मोटरसायकलीला आणि एकदा माझ्या कपाळालाही लागली. म्हणाले, "ताप नाही. रिकामंच चालून राह्यलं."

त्या वर्षांत कापूस असा रुसला होता की जिन ऐन हंगामातही अर्धा वेळ बंद असे. रिकाम्या हाताचा फिटर ही घरातली धोक्याची वस्तू. त्यांनी आधी शिलाई मशीन सुधारलं, मग मिक्सर सुधारला (तो पुढे कुणी वापरला नाही), आणि लेक लग्न होऊन कॅनडाला गेली तेव्हा सुटे भाग आणून स्वतः कॉम्प्युटर जोडला. मी म्हटलं, तयार घ्या. तर म्हणाले, "साडभाऊ, लेकीशी बोलाचं यंत्र दुसऱ्यानं कसलेलं नाही चालत मले."

एका शनिवारी त्यांचा फोन आला. "तिसरा लय तापून राह्यला. तुमी याच." आमच्या हिनं पर्समध्ये तापाच्या गोळ्या टाकल्या आणि आम्ही बडनेऱ्याहून गाडी धरली. पोचल्यावर कळलं, तिसरा म्हणजे कोर. प्रोसेसरच्या पोटात चार कोर, बाकीचे तिघं साठ अंशांवर गुण्यागोविंदानं नांदत आणि तिसरा ऐंशीच्या पुढे. तो तापला की यंत्र आपसूक बंद पडे. दर रविवारी लेकीचा चेहरा पडद्यावर यायचा, ती "बाबा, जेवले का?" विचारायची, आणि थोड्याच वेळात अंधार.

मी ऑफिसात दोन बोटांनी टायपिंग करतो, एवढ्या भांडवलावर मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. आत पाहतो तर घरातला पाण्याचा मोठा कूलर चार विटांवर, पाणसळ लावून पातळीत, उघड्या कॉम्प्युटरकडे तोंड करून बसवलेला. मेहुणी कोपऱ्यात पेपरनं वारा घेत होती.

"मानसं उकडून राह्यले, अन कूलर त्या डब्याले," ती म्हणाली.

"दुकानदारच बोलला," साडू म्हणाले. "कूलर एका बाजूनं उचलला असंल, नीट बसवा. बसवला. चौघंही दहा अंश उतरले, पन तिसरा अजून वरच."

मला काहीच कळेना, म्हणून मी तज्ज्ञासारखी मान हलवली आणि दुकानदाराला फोन लावला. तो आधी पोटभर हसला. "चाचा को बोलो, वो कूलर नहीं. प्रोसेसर के ऊपर जो पंखा है ना, उसको कूलर बोलते."

साडूंनी विटांवरच्या कूलरला हाताची उलटी बाजू लावली. मग म्हणाले, "मंग पंखा म्हनाचं ना. पंख्याले कूलर म्हनते, तं कूलरले काय म्हनते?"

पंखा उघडला. चारपैकी एक पाय खाचेत बसलाच नव्हता, त्या बाजूला उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाचा जाड थर तसाच. साडूंनी जुना लेप पुसला, नवा लावला आणि पाय दाबले. चार वेळा टक झालं. तिसरा खाली आला, तरी बाकीच्यांहून तीन अंश वरच राहिला.

"असू द्या," ते म्हणाले. "सख्खे भाऊ असले तरी एखादा तापट राह्यतेच."

रविवारी सकाळी लेक पडद्यावर आली. तिकडचं उणे वीस बोलून झालं, जावई झाला, मेथीची भाजी झाली, तरी यंत्र चालूच. आजवर यंत्रच बोलणं तोडायचं, कुणाला निरोप घ्यावा लागला नव्हता, आणि साडूंचा उरलेला दिवस तिसऱ्याला शिव्या देण्यात बरा जायचा. आता बोलायचं संपलं होतं आणि लेक समोर होती.

"ठेवू का, बाबा?"

"ठेव."

तिनं ठेवलं नाही, यांनीही नाही. पंखा शांत फिरत होता. शेवटी साडूंनी माऊस माझ्याकडे सरकवला.

"तुमीच बंद करा, साडभाऊ," ते म्हणाले. "मले जमून नाही राह्यलं."