दिगू आणि गणूदादांचा राब

फोन दिल्लीहून होता. दिगूच्या कार्यालयातले कुणी गृहस्थ हिंदीत सांगत होते की दिगंबर गेले. पहाटे छातीत दुखलं आणि इस्पितळात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग परत कधी येणार?" पलीकडच्या बिचाऱ्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं... आयुष्यभर शाळेत मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून बजावणारा मी!

दिगूच्या गावी फोन नव्हता. त्यामुळे वैशाखऱ्याला जाऊन त्याच्या थोरल्या भावाला, गणूदादांना, ही बातमी सांगणं माझ्याकडे आलं. मुरबाडहून एसटीत बसलो आणि गावाच्या अलीकडे टोकावड्यालाच उतरलो. धाब्यावर भजी मागवली आणि ती तशीच पुढ्यात ठेवून बसून राहिलो. मी इथून उठत नाही तोवर दिगू त्यांच्या लेखी जिवंत आहे, असं काहीतरी डोक्यात होतं. शेवटी पोचलो. दादांनी बांधावरूनच विचारलं, "काय मास्तर, आज मधीच?" पुढे मी काय बोललो ते आठवत नाही. दादा होते तिथेच खाली बसले, एवढं आठवतं.

दिगू नेमकं काय करतो, हे गावात कुणालाच सांगता येत नसे. कल्याणच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मी मास्तर झालो, तो अर्थशास्त्र शिकून दिल्लीला गेला आणि नव्वदच्या दशकात एका संस्थेत लागला. गरीब देशांच्या सरकारांबरोबर बसून आराखडे करायचे, हे त्याचं काम. वीज कशातून काढायची, कारखाने कुठले आणायचे, शेती कशी करायची, म्हणजे लोकांची भरभराट तर होईल, पण श्रीमंत देशांनी केला तेवढा धूर आकाशात जाणार नाही. मी शहापूरला शाळेत असताना एकदा त्याचं भाषण ठेवलं आणि ओळख सोपी करून देण्याच्या नादात सांगितलं की हे जगाचा धूर कमी करतात. भाषण संपल्यावर दोन बाया त्याला आपली चूल दाखवायला घेऊन गेल्या. दिगू गेलासुद्धा. धुराड्यात हात घालून त्यानं काजळी काढून दिली आणि बाहेर येऊन काळ्याकुट्ट हातांनी मला कोपरापासून नमस्कार केला.

पण घरच्या धुराचं काय, हे त्याला टोचत असे. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून पेटवतात. हाच राब. त्यानं तण मरतं, माती मोकळी होते, रोप जोमानं येतं. त्यापायी डोंगरावरची झाडं मात्र बोडकी होतात आणि गावोगाव धूर भरतो. एका वर्षी कुठल्याशा डोंगराळ देशाचे अधिकारी दिगूबरोबर गाव पाहायला येणार होते. त्यानं दादांकडे एक वाफा न भाजता करू दे, असं मागितलं. दादांच्या मनात नव्हतं, पण पाहुण्यांपुढे धाकट्याचा मान जाऊ नये म्हणून त्यांनी चांगला मोठा वाफा सोडला. लक्ष ठेवायचं काम दिगूनं माझ्यावर टाकलं. माणसं ओळखण्यात तो कच्चाच होता.

वाफा पिवळा पडला, तणानं भरला. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दादा बाजाराला गेलेले पाहून मी त्यांच्या भाजलेल्या वाफ्यातली हिरवीगार रोपं मुठीमुठीनं उपटली आणि दिगूच्या वाफ्यात खोचली. पाहुणे खूश झाले, फोटो निघाले. त्यांच्यातल्या एका बाईंनी कौतुकानं रोपाला हात लावला, तर ते अलगद हातात आलं. दिगूनं माझ्याकडे पाहिलं. मी मोरोशीच्या डोंगराकडे पाहिलं. मग त्यानं शांतपणे खरं सांगून टाकलं... हा वाफा फसला, ही रोपं शेजारची, आणि हा माझा मित्र अतिशय प्रेमळ आहे. हसणं ओसरल्यावर त्यानं दादांना बोलायला लावलं.

"फसलं तर वरीसभर आमी खायाचं काय, ते पयलं सांग," दादा म्हणाले. "मंग धुराचं बोलू."

दिगूनं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. पुढे त्या देशाच्या आराखड्यात त्यानं अट घातली की शेतकऱ्याला आग सोड म्हणायच्या आधी, पीक फसल्यास त्याच्या घरच्या धान्याची हमी सरकारनं द्यावी. त्या हमीसाठी तो मोठमोठ्यांशी भांडला, असं त्याच्या दिल्लीच्या सोबत्यांनी आता सांगितलं.

इकडे आमच्या प्रयोगानं दादांचं रोप कमी पडलं. ओढ्याकडचं खाचर त्या साली लावणीविना राहिलं. दादा त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, दिगूनंही पुन्हा राबाचा विषय त्यांच्यापाशी काढला नाही. दोघेही मुळात अबोल. ते न बोललेलं दोघांच्या मध्ये तसंच पडून राहिलं.

परवा पुन्हा वैशाखऱ्याला गेलो. आजूबाजूचे राब भाजून काळे झाले होते. दादांचा मात्र नुसताच रचलेला. पावसाळा तोंडावर, आणि दादा बांधावर बसून.

"हातच उचलत नाय," ते म्हणाले. रचलेल्या राबाकडे बघत त्यांनी विचारलं, "मास्तर, माज्या राबाची त्याला लाज वाटायची का?"

मग मी त्यांना सांगितलं. दर उन्हाळ्यात दिगू असेल त्या देशातून मला फोन करायचा आणि इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारायचा, दादाचा राब झाला का? एका वर्षी मी गंमत केली. म्हटलं, तुझे दादा सुधारले, यंदा राब पेटवलाच नाही. मला वाटलं, स्वारी खूश होईल. तर तो एकदम बारीक आवाजात म्हणाला, "का रे? दादा बरा आहे ना?" मी थट्टाच केली असं सांगत शपथा घेतल्या, तरी त्याला पटेना. वैशाखऱ्याला जाऊन भाजलेली जमीन डोळ्यांनी बघून ये, म्हणाला. त्याला शिव्या देत मी एसटीनं गेलो, बघून आलो, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला...

वारा कुठून आहे ते दादांनी पाहिलं, खिशातली काडेपेटी काढली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"पेटवाया पायजे," म्हणाले. "नायतर घाबरंल तो."