बधिर अंगठा

शिवाजी पेठेतल्या आमच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या, एक दादाची आणि एक माझी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर आम्ही कोडोली सोडून कोल्हापुरात आलो. दुकानाच्या मागच्या खोलीत दादा, वहिनी आणि मी राहायचो.

वस्तऱ्याला धार लावायचं काम दादाचं. सकाळी झाडलोट झाली की निसण्याच्या दगडावर पाणी शिंपडून तो घासायला बसायचा. मध्येच थांबून डाव्या अंगठ्याचं पेर धारेवर आडवं, अगदी हलकं टेकवायचा. धार कच्ची असली तर अंगठा नुसता घसरतो. पक्की झाली की ती कातडीला धरते. हे बघायला डोळे लागत नाहीत. दादा त्या वेळी रस्त्याकडं बघत असायचा. मी अंगठा लावायला गेलो की म्हणायचा, "तू नखावर बघ अजून. बोट घालवशील."

नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल. तालमीतले वस्ताद दाढीला आले होते. पैलवान घडवणारा माणूस, आवाज रस्त्यापलीकडं जाणारा. खुर्चीत बसल्या बसल्या ते आरशातून बघत ओरडले, "आरं, रगात! हात बघ की तुझा!"

दादानं खाली बघितलं. दगड लाल झाला होता. अंगठ्याचं रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं, आणि तो अजून धारच बघत होता.

"लागलंच न्हाय की," दादा म्हणाला आणि हसला. वस्ताद हसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं, तेव्हा वस्तादांनीच त्याला दवाखान्यात नेलं. मीही गेलो. डॉक्टरांनी त्याची बाही वर केली. कोपराखाली एक फिक्कट चट्टा होता. आम्ही तो कितीतरी दिवस बघत होतो, उन्हाचा असेल म्हणून सोडून दिला होता.

"डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले. "कापूस लागला की सांगा."

दंडाला कापूस लागला. "हितं," दादा म्हणाला. मग डॉक्टरांनी चट्ट्यावर लावला, मनगटावर लावला, अंगठ्यावर फिरवला. दादा डोळे मिटून वाट बघत बसला होता. थोड्या वेळानं म्हणाला, "लावा की डॉक्टर, थांबलाय कशाला?"

वस्ताद भिंतीकडं बघायला लागले.

कुष्ठरोग होता. गोळ्यांनी बरा होतो, गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. गेलेली जाणीव मात्र परत येईलच असं नाही, हेही सांगितलं.

आम्ही कुणाला बोललो नाही, तरी पेठेत कळलंच. गिऱ्हाईक कमी झालं. एक दिवस वस्ताद दुकानाच्या पायरीवर आले, आत आले नाहीत. मला म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाला ते मी ऐकलंय. पर माझी पोरं अंगाला अंग लावून लढत्यात. मला भ्या वाटतंय, बाबा." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. त्यानंतर तालमीतलं कुणी आलं नाही.

वहिनीचा भाऊ मलकापूरहून तिला न्यायला आला. दादा त्याला म्हणाला, "घेऊन जा." वहिनी चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. भावाला म्हणाली, "ह्येंच्या जखमा कोण धुणार? तू ऱ्हातोस का हितं?" तो चहा न पिताच गेला.

दादानं गिऱ्हाइकांची दाढी करायची सोडली, पण धार लावायची सोडली नाही. घासून झालं की वस्तरा माझ्यापुढं धरायचा. मी अंगठा टेकवून "झाली" म्हणायचो. त्याला ते सहन व्हायचं नाही. एका दुपारी मी मागच्या खोलीत गेलो तर तो एकटाच बसला होता. धारेवर अंगठा दाबत होता, पुन्हा दाबत होता, अंगातला सगळा जोर लावून. अंगठ्याची कातडी सोलून लोंबत होती.

मी वस्तरा हिसकावला. "काय करतोस दादा!"

"कळतंय का बघतोय," तो म्हणाला. "एकदा तरी कळू दे की."

जखम चिघळली. वहिनीनं रोज धुतली, तरी शेवटी अंगठ्याचं वरचं पेर काढावं लागलं. रोग गोळ्यांनी गेला. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा दादा नुसता मान हलवत राहिला. त्यानंतर ते दोघं कोडोलीला परतले. वहिनीनं म्हैस घेतली. धार काढायची ती, वैरण आणायचा तो.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी तो साध्या तापानं गेला. मी पोचलो तेव्हा अंगणात बरीच माणसं होती, पण सगळी लांब, कुंपणाला धरून उभी. रोग जाऊन जमाना झाला होता. मी आणि दोन चुलतभाऊ पुढं झालो. चौथ्या खांद्यासाठी आम्ही वाट बघितली. ऊन चढत चाललं. कुणी पुढं येत नव्हतं, कुणी जातही नव्हतं.

वहिनी दारातून सगळं बघत होती. तिनं पदर खोचला, खाली आली आणि तिरडीच्या मागच्या दांड्याखाली जाऊन उभी राहिली.

"चला," ती म्हणाली. "किती वेळ ठेवायचं त्यांना?"

वेशीपर्यंत तिनं खांदा दिला. तिथं गर्दीतला एकजण मान खाली घालून पुढं आला आणि तिच्या जागी लागला. वहिनी रस्त्याच्या कडेला थांबली. आम्ही वळणावर गेलो तरी ती तिथंच उभी होती.